डोंगराला धक्का लावायचा नाही

माझा भाचा चीनच्या हूबेई प्रांतात शियेन नावाच्या गावी डॉक्टरकी शिकतो. हूबेई म्हटलं की आपल्याला वूहानच आठवतं, पण शियेन पार वायव्येच्या टोकाला, डोंगरांच्या कुशीत आहे. तिथून वूदांग पर्वत गाडीनं तासाभराच्या आत. “मावशी, तू एकदा ये. तुझ्या जातीचा डोंगर आहे, वर देवळं आहेत आणि चालायला जुनी दगडी वाट आहे,” हे पालुपद तो दोन वर्षं लावून होता. वीसेक वर्षं मी सह्याद्रीत चालते आहे. गुडघे अजून साथ देताहेत तोवर जाऊन यावं म्हणून ऑक्टोबरच्या मध्याला निघाले. १ ऑक्टोबरपासूनची त्यांची राष्ट्रीय सुट्टी भाच्यानं मुद्दाम टाळायला लावली. त्या आठवड्यात डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते म्हणाला.

व्हिसाचे कागद, फोटो, राहण्याची सोय, रोजचा कार्यक्रम, सगळं नीट लिहून दिलं की काम होतं, पण सवड ठेवून करावं. बँकॉकमार्गे वूहान, आणि वूहानहून वेगवान गाडीनं दोनेक तासांत वूदांगशान पश्चिम हे स्टेशन. भारतातून निघण्याआधी फोनवर अलीपे घेऊन त्यात आपलं कार्ड जोडून ठेवलं होतं. याचा फार उपयोग झाला, कारण काकडीवाल्या आजीसुद्धा पैसे फोनवरच घेतात.

एक अडचण आली ती सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला येऊ नये. आधी ठरवलेल्या लॉजवर पोचलो तर त्यांना परदेशी पासपोर्टची नोंद करता येईना. रात्रीचे साडेआठ, बाहेर पाऊस. भाच्यानं तासभर फोन करून दुसरी जागा शोधली. तेव्हा खोली ठरवतानाच विचारून घ्यावं: परदेशी माणसाला ठेवता का?

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या पायथ्याच्या दारात. आत खासगी गाड्या जात नाहीत. तिकिटातच बसचा प्रवास असतो, हव्या त्या देवळाशी उतरायचं आणि मागून येणाऱ्या बसनं पुढं जायचं. पहिल्यांदा उतरलो ते सुई घासण्याच्या विहिरीशी. देऊळ लहानसं, दारात माणसाएवढे दोन काळे लोखंडी दांडे उभे. या डोंगराचा देव चनवू, म्हणजे उत्तर दिशेचा रक्षक. कथेत तो राजपुत्र. पंधराव्या वर्षी घर सोडून तपाला इथे आला, कंटाळला आणि परत निघाला. वाटेत विहिरीपाशी एक म्हातारी लोखंडी मुसळ दगडावर घासत बसलेली. काय करतेस? सुई करते. इतक्या मोठ्या मुसळाची? घासत राहिलं की होते. राजपुत्र मागं फिरला आणि बेचाळीस वर्षं डोंगरात राहिला. भाचा म्हणाला, पहिल्या वर्षी शरीररचनेचं पुस्तक चिनी शब्दांसकट पाठ करताना शिक्षक हीच गोष्ट सांगायचे. तो दांड्याजवळ बराच वेळ उभा होता. मी काही बोलले नाही.

तिथून ताईत्सपो, म्हणजे राजपुत्राची चढण. दारातून आत शिरलं तरी देऊळ दिसत नाही. दिसतात दोन उंच लाल भिंती आणि मधून वर चढत जाणारी दगडी वाट. भिंतींच्या माथ्यावर हिरवी कौलं आणि अख्खी भिंत लाटेसारखी वळत गेलेली. पीत नदीच्या नऊ वळणांची भिंत असं तिला म्हणतात. एक वळण घेतलं की पुढचं, ते घेतलं की त्याच्या पुढचं. मला आधी वाटलं, हा नुसता देखणेपणाचा सोस. मग हात लावून चालत गेले तेव्हा लक्षात आलं की भिंत डोंगराच्या उतारालाच धरून वळली आहे. उतार जिथे आत जातो तिथे भिंत आत, तो पोट काढतो तिथे भिंतीचंही पोट. कुठे खडक फोडून सरळ रेषा काढलेली नाही. हे डोक्यात घर करून राहिलं आणि पुढचे दोन दिवस मी तेवढंच शोधत होते.

आत पाच मजली लाकडी इमारत आहे, कड्याला टेकून बांधलेली. वरच्या मजल्यावर एकाच खांबावर बारा तुळया येऊन बसल्या आहेत. खाली उभं राहून मान वर केली की एखाद्या झाडाच्या खोडाशी उभं असल्यासारखं वाटतं. अंगणात क्वेईह्वाचा जुना वृक्ष. फूल मंजिरीच्या दाण्याएवढं, पिवळट, पानांच्या बेचक्यात लपलेलं, पण वास सगळ्या आवारात भरलेला, पिकल्या जर्दाळूसारखा गोड. खाली सांडलेली चार फुलं मी रुमालात बांधली. संध्याकाळी रुमाल सोडला तरी वास तसाच होता.

हे सगळं उभं केलं मिंग घराण्याच्या योंगले सम्राटानं. त्याची हकीकत शनिवारपेठेत वाढलेल्या माझ्यासारखीला लगेच समजते, कारण तीही काका-पुतण्याची आहे. गादीवर पुतण्या होता. काका उत्तरेत, आजच्या बीजिंगला. १३९९ मध्ये त्यानं बंड केलं आणि १४०२ मध्ये राजधानी घेतली. राजवाड्याला आग लागली आणि पुतण्याचं पुढं काय झालं ते कुणालाच नक्की कळलं नाही. उत्तरेहून आलेल्या काकाला उत्तरेच्या देवानं हात दिला, असं सांगितलं गेलं, आणि मग त्या देवासाठी १४१२ पासून वूदांगवर बांधकाम सुरू झालं. बारा-तेरा वर्षं, लाखांनी माणसं राबली. राज्य मिळवण्याची रीत रक्तानं भरलेली होती, हे विसरून ही देवळं पाहता येत नाहीत. पण त्या माणसाचा एक हुकूम मला भाच्यानं वाचून दाखवला आणि त्यापुढं मी गप्प झाले. तो १४१९ चा. शिखराभोवती तट बांधायचा होता. सम्राटानं कळवलं की डोंगराला तसूभरही धक्का लावू नका. भिंत जमिनीच्या चढउतारानं न्या. उंचीचं माप धरून बसू नका, माणूस ओलांडू शकणार नाही एवढी झाली की थांबा. आणि मजबूत बांधा, आकाश-धरित्री असेतो टिकेल अशी.

किल्ल्यांचे तट पाहत हिंडणाऱ्या माणसाला या हुकुमाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. आपले जुने गडकरीही कातळाची रेघ धरूनच तट नेत. अलीकडं मात्र पायऱ्यांच्या नावाखाली सिमेंट ओतलेलं आणि सपाटीसाठी कडे तासलेले आपण पाहतो. मला ते दर वेळी लागतं. वूदांगवरही रस्ते झाले आहेत, रोपवे आहे, हॉटेलं आहेत. तरी जुन्या वाटेवर सहाशे वर्षांपूर्वीचा तो विचार पायाला लागतो.

दुपारी त्सशियाओ, जांभळ्या आकाशाचं मंदिर. १४१३ चं. बस वळणावर सोडते आणि एकदम समोर पायऱ्यांची रांगच रांग, चढत्या ओट्यांवर लाल भिंती, हिरवी-निळी कौलं आणि मागं झेंडा फडकावल्यासारखा उभा कडा. त्याचं नावच ध्वजशिखर. दाराजवळ दोन बाजूंना शिलालेखांच्या छत्र्या आहेत. आत दगडी प्राणी पाठीवर भली थोरली शिला घेऊन बसलेला. कासवासारखा. मी हात जोडले, सवयच ती. आपल्याकडे देवळात गाभाऱ्यापुढं कासव असतं, त्याला नमस्कार करून मग पुढं जायचं. भाचा म्हणाला, “मावशी, हे देवाचं कासव नव्हे, शिलालेख वाहणारा प्राणी आहे. देवाचं कासव वेगळं, त्याच्याबरोबर साप असतो.” म्हटलं, असू दे. ओझं वाहतोय, नमस्कार त्यालाही.

मुख्य मंदिरात उदबत्त्यांचा धूर. उदबत्त्या आपल्यापेक्षा लांब, तीन एकदम पेटवून कपाळाशी नेतात आणि वाकतात. निळ्या अंगरख्याचा, केसांची डोक्यावर गाठ बांधलेला एक तरुण ताओपंथी साधू देवापुढं बसला होता. कुणी गुडघे टेकून डोकं खाली नेलं की तो पितळी वाटीवर एक ठोका देई. टोल घुमत राही आणि तो विरल्यावरच लोक उठत. मी वाकले तेव्हा माझ्यासाठीही तो वाजला. कुठली, कोण, हे त्यानं विचारलं नाही. मागच्या बाजूला देवाच्या आईवडिलांचं मंदिर आहे. तिथे बायकांची गर्दी जास्त होती. बाहेर फरसबंदीवर पंधरा-वीस मुलं पांढऱ्या कपड्यांत ताईचीचा सराव करत होती. ताईची इथल्याच चांग सानफंग नावाच्या साधूनं शोधली असं परंपरा सांगते. इतिहासाच्या कसोटीला हे उतरत नाही असं अभ्यासक म्हणतात, पण त्या मुलांना संथ हात फिरवताना पाहत आम्ही अर्धा तास उभे होतो.

मुक्काम कावळ्यांच्या खिंडीत, जिथे बस संपते आणि पायवाट सुरू होते. राजपुत्राला वाट दाखवणारा कावळा होता म्हणून इथे कावळ्याला मान. पितृपक्ष नुकताच संपला होता. वडिलांचं करून मी निघाले होते आणि त्या संध्याकाळी कठड्यावर एक कावळा येऊन बसला. मी पुडीतली चपातीची कड त्याच्यापुढं ठेवली. एवढंच.

जेवणाचं सांगायचं तर भाच्यानं एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: “वो छ्र सू,” मी शाकाहारी आहे. वापरलं की लोक समजून घेतात, कारण देवळांच्या भोवती ही ओळख आहे. तरी रस्सा कशाचा आहे ते वेगळं विचारावं लागतं. टोफू, अळंबी, बांबूचे कोंब, भात. साधं आणि गरम.

संध्याकाळ मावळायच्या आत नानयेन, दक्षिणेचा कडा. या डोंगरावरची ही माझी सगळ्यात आवडती जागा. सरळ उभ्या कड्याच्या पोटात दगडी मंदिर बसवलं आहे, मिंगांच्याही आधीचं, युआन काळातलं. सगळं दगडाचं, पण लाकडासारखं घडवलेलं: खांब, तुळया, दाराच्या चौकटी. वर कडा छतासारखा झुकलेला, खाली दरी. मंदिराच्या कठड्यातून एक दगडी तुळई दरीवर बाहेर आली आहे, सुमारे तीन मीटर लांब, रुंदीला फूटभर. तिच्या टोकाला ड्रॅगनचं डोकं आणि त्यावर उदबत्तीचं पात्र. पूर्वी भाविक त्या तुळईवरून रांगत टोकाशी जात, उदबत्ती लावत आणि तसेच उलटे मागं येत. किती जण खाली गेले असतील! शेवटी १६७३ मध्ये, कांगशी सम्राटाच्या काळात, यावर बंदी आली. बंदीची शिळा अजून तिथे आहे आणि तुळईच्या तोंडाशी कुलूपबंद दार. देवाला जीव नको, भाव हवा, अशा अर्थाचं काही त्या शिळेत आहे असं भाच्यानं समजावलं. मी कठडा धरून खाली पाहिलं. पोटात खड्डा पडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शिखराकडे निघालो. शिखर १६१२ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडं कमी. आकडा ऐकून सोपं वाटेल. तसं नाही. सह्याद्रीत माती, मुरूम, कातळ, गवत असा पाय बदलत राहतो. इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडीव पायऱ्या. एकच स्नायू, एकच गुडघा, पुन्हा पुन्हा तोच. शिवाय वाट आधी बरीच खाली उतरवते आणि मग चढवते, म्हणजे मिळवलेली उंची घालवून परत कमवायची. मी काठी घेऊन गेले होते, ती नसती तर उतरताना हाल होते. पहाटे पावसानं पायऱ्या ओल्या होत्या, तेव्हा बूट चांगल्या पकडीचेच हवेत.

पीत ड्रॅगनच्या गुहेपाशी पहिली विश्रांती. कड्यात घर केल्यासारखं देऊळ, औषधाचं दैवत. एक आजीबाई बादलीत काकड्या घेऊन बसल्या होत्या. सोलून हातात दिली. मी मीठ शोधू लागले तर त्या हसल्या. इथे काकडीला मीठ-तिखट लावत नाहीत. बॅगेत भाजलेल्या जिऱ्याच्या मिठाची पुडी होती, ती उघडून त्यांनाही दिलं. बोटाच्या टोकावर घेऊन त्यांनी चाखलं, डोळे मिटले आणि पुडीकडे बोट दाखवलं. उरलेली पुडी त्यांच्यापाशी ठेवूनच आम्ही उठलो.

तिथून वर हमाल भेटत राहिले. खांद्यावर बांबूची कावड, एका बाजूला पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला पीठ. ते सरळ चढत नाहीत. पायरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला तिरके जातात आणि ठरावीक अंतरावर काठीचा टेकू कावडीला देऊन उभ्याउभ्या श्वास घेतात. मी त्यांच्या मागं तशीच तिरकी चालू लागले आणि खरंच दम कमी लागला. वर जे काही मिळतं, एक वाटी गरम नूडल्सची का असेना, ते असं खांद्यावरून आलेलं असतं. वरचे भाव कुणाला टोचले तर हे आठवावं.

छाओथ्येन मंदिराशी वाटेला दोन फाटे फुटतात. एक मिंग काळची देवाची वाट, तीन स्वर्गद्वारांतून जाणारी, खडी. दुसरी चिंग काळची, जवळची. माझं मत स्पष्ट आहे: चढताना मिंग वाट घ्या, उतरताना दुसरी. ज्यांचे गुडघे नाही म्हणतात त्यांनी रोपवेनं जावं, देव त्यांचाही आहे. पण ज्याला चालता येतं त्यानं ही वाट सोडू नये, कारण ती दाराआड दार लपवते. पहिलं द्वार गाठलं की वाटतं आलंच. द्वारातून पाहावं तर पुढं तेवढाच जिना. दुसऱ्या द्वाराशी धुकं इतकं दाट झालं की भाचा चार पायऱ्या पुढं होता तो दिसेना. फक्त आवाज. “मावशी, आहेस ना?” “आहे रे.” त्याच्या लहानपणी राजगडच्या पद्मावतीच्या वाटेवर मी त्याला असंच विचारत असे.

तिसरं द्वार ओलांडून थायह मंदिराशी पोचायला कावळ्यांच्या खिंडीपासून आम्हाला चार तास लागले. वर जायला वेगळं तिकीट. जवळच एक बारकंसं ब्राँझचं देऊळ आहे, १३०७ चं, पूर्वी शिखरावर होतं. योंगलेनं मोठं करायला घेतलं तेव्हा ते फेकून दिलं नाही, खाली आणून दगडी घरात ठेवलं. आता भिंत आणि देऊळ यांच्या मधल्या बोळातून लोक अंग चोरून प्रदक्षिणा घालतात. नशीब पालटतं म्हणतात. बोळ इतका अरुंद की पाठ दगडाला आणि छाती ब्राँझला लागते. शतकानुशतकांच्या हातांनी धातू गुळगुळीत झालेला. अंधारात पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून मी ती प्रदक्षिणा पुरी केली.

मग नागमोडी शेवटचा जिना, कठड्याच्या साखळ्यांना हजारो कुलपं लटकलेली, आणि वर सुवर्णमंदिर.

ते लहान आहे. उंची ५.५४ मीटर, आपल्या गावातल्या एखाद्या मारुतीच्या देवळाएवढं. एवढा डोंगर चढून एवढंसं, असं क्षणभर वाटलं. मग जवळ गेले. कौलं, कौलांच्या कडेचे प्राणी, खांब, दारावरची जाळी, तुळयांचे कंस, सगळं लाकडी देवळासारखं, आणि सगळं सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ. १४१६ मध्ये सुटे भाग बीजिंगमध्ये ओतले, कालव्यानं आणि नदीनं आणले, इथवर चढवले आणि एकमेकांत बसवले. मी सांधे शोधले. दाराच्या चौकटीशी नाक लावून पाहिलं तरी केसाएवढी रेघ हाती लागली नाही. ज्या पायऱ्यांवर मी एका पाठपिशवीनं घामाघूम झाले, त्यावरून हे खांब वर आले होते. आत चनवू बसलेला: केस मोकळे, पाय अनवाणी, अंगावर चिलखत. खाली साप आणि कासव एकमेकांत गुंतलेले. आत जाता येत नाही, उंबऱ्याबाहेरूनच दर्शन. सगळ्या सोन्यात मला त्याचे अनवाणी पाय दिसत राहिले.

धुकं उतरेना. भाचा म्हणाला थांबू, थांबलो. तासाभरानं वारा फिरला आणि दक्षिणेकडून एकेक शिखर वर आलं. बहात्तर शिखरं या शिखराला नमन करतात अशी म्हण आहे. मी मोजली नाहीत, पण सगळ्यांचे माथे खरंच इकडेच कललेले दिसतात. आणि पायाखाली तो १४१९ चा तट. वरून पाहिला तेव्हा हुकूम पुरता कळला. कड्याचा कंगोरा पुढं आला तिथे तट पुढं, घळ आली तिथे आत, आणि जिथे कडा मुळातच कुणी चढू शकणार नाही असा आहे तिथे भिंत ठेंगणी. शिखराचा खडक ओबडधोबड, तासणीची खूण नसलेला, मधून तसाच वर आलेला.

उतरताना दुसऱ्या वाटेनं आलो, दोनदा बसलो, संध्याकाळी पायांना गरम पाणी.

शेवटच्या सकाळी स्टेशनला जाताना युचन मंदिरापाशी टॅक्सी थांबवली. हे डोंगराच्या पायथ्याचं, चांग सानफंगच्या नावचं. २००३ च्या जानेवारीत आगीत त्याचं मुख्य दालन जळालं. मग दुसरं संकट आलं. दानच्यांगखौ धरणाची उंची वाढवून इथलं पाणी उत्तरेला, बीजिंगपर्यंत न्यायचं ठरलं आणि मंदिराची जागा बुडितात आली. तेव्हा दगडविटांचे दरवाजे जागच्या जागी यंत्रांनी उचलले, थोडे थोडे करून, पंधरा मीटर वर, आणि खाली भराव टाकला. २०१४ च्या डिसेंबरात पाणी उत्तरेला सुरू झालं.

मी बाहेरूनच पाहिलं. जुनी लाल भिंत, कमानीच्या कडांवर झिजलेलं कोरीवकाम, आणि तिच्या खाली सपाट, एकसारखी, नवी जमीन. भाच्याला विचारलं, आधी दरवाजा कुठं होता? त्यानं चपलेच्या टोकानं जमिनीकडे दाखवलं. “इथेच. खाली.” ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गाडीची वेळ झाली होती. रुमालातली क्वेईह्वाची फुलं मी तिथे भिंतीच्या पायाशी ठेवली आणि निघाले.